माणसाविना चालणारे यान आणि मांजरांचा ताफा : चित्रकथेसाठी शंका

रेघोट्या (प्रश्न)

एका मराठी विज्ञान-चित्रकथेच्या आराखड्यावर मी सध्या काम करीत आहे. दूरच्या प्रवासाला निघालेल्या एका यानात माणूस एकही नाही. कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सारा ताफा बुद्धिमान मांजरांचा आहे. गणवेश चढवलेल्या माणसांना नुसते कान आणि शेपूट चिकटवून मोकळे व्हायचे, हे मला करायचे नाही. मांजराचे शरीर, त्याच्या खोडी आणि अडचणी यांतूनच कथानक घडावे, अशी इच्छा आहे. म्हणून जाणकारांना विचारतो : वजनरहित अवस्थेत मांजर कसे वागेल, ही मंडळी आपसांत बोलतील कशी, आणि त्यांचा नियंत्रणकक्ष आपल्यासारखाच असेल का?

गुरांचा डॉक्टर

बोलण्यापासून सुरुवात करतो, कारण चित्रकथेत संवादाचे फुगे येणारच. वाढलेली मांजरे एकमेकांना उद्देशून फारसे म्याव करीत नाहीत. पिलू आईला हाक मारते तो आवाज ती मोठेपणी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवतात. आपसांतला व्यवहार चालतो तो कानांच्या दिशेवर, शेपटीच्या ठेवणीवर, बुबुळांच्या आकारावर आणि सर्वांत जास्त वासावर. गालाजवळच्या ग्रंथी कोपऱ्यावर घासून मांजर जो मजकूर मागे ठेवते, तो नंतर येणारे मांजर सावकाश वाचते. आता यानाचा विचार करा. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर चढत नाही, त्यामुळे पंखे अखंड चालू ठेवावे लागतात आणि दुर्गंधी शोषायला कोळशाच्या गाळण्या बसवाव्या लागतात. म्हणजे हवा शुद्ध राखणारी यंत्रणा हीच या ताफ्याचा पत्रव्यवहार पुसून टाकणारी यंत्रणा ठरते. हवेची जबाबदारी सांभाळणारी अभियंता मांजरी आणि आपले हुकूम भिंतीवर घासून ठेवणारा बोका कप्तान यांच्यातले भांडण तुम्हाला अनेक भाग पुरेल.

आहाराचे थोडक्यात सांगतो. मांजराला टॉरिन हे द्रव्य पुरेसे स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही; ते मांस-मासळीतूनच मिळते, आणि कमी पडल्यास हृदय व दृष्टी दोन्ही बिघडतात. तेव्हा यानात मत्स्यपालन तरी दाखवा, नाहीतर कृत्रिम टॉरिनचा साठा. तो साठा संपत आल्याची बातमी कप्तानाने दडवून ठेवली, तर कथेला वळण आयतेच मिळेल. गोडाची चव मात्र मांजराला कळतच नाही, त्यामुळे खलाशांच्या मेजवानीत लाडू काढू नका.

जडत्व

उंचावरून पडणारे मांजर पायांवर उतरते, याची छायाचित्रांची मालिका फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केली. आधारावाचून वळणे कसे शक्य होते, हे कोडे होते. केन आणि शेर या संशोधकांनी १९६९ मध्ये त्याचे गणिती स्पष्टीकरण दिले. मांजर कमरेत वाकते आणि पुढचा व मागचा भाग असा फिरवते की एकूण कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप) शून्यच राहतो, पण शरीराची दिशा बदललेली असते. या युक्तीला गुरुत्वाकर्षण लागत नाही. गुरुत्वाकर्षण लागते ते ‘खाली’ कुठे आहे हे कानातल्या तोलेंद्रियाला कळण्यासाठी. म्हणूनच अमेरिकी हवाई दलाने १९५०च्या दशकात विमानांतून वजनरहित अवस्थेत मांजरे सोडून पाहिली, तेव्हा त्यांची ही सहजप्रवृत्ती गोंधळली. बुद्धिमान मांजराचे तसे होणार नाही. ते डोळ्यांनी एखादी भिंत ‘खाली’ म्हणून ठरवेल आणि पुढचे वळण अंतराळवीराला हेवा वाटेल इतक्या सफाईने घेईल. पण दोघांनी वेगवेगळी भिंत ठरवली असेल, तर एकाच चौकटीत एक उलटे आणि एक सुलटे, असे दाखवता येईल. मला तर हे चित्र पानभर हवे आहे.

पाण्याची वाटी मात्र काढू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मांजर जिभेचे टोक पृष्ठभागाला टेकवून झटकन वर घेते, त्याबरोबर पाण्याचा खांब वर ओढला जातो, आणि गुरुत्वाकर्षणाने तो कोसळण्याआधी जबडा मिटतो. यानात तो कोसळणारच नाही. पाण्याचा गोळा जिभेला आणि मग नाकाला चिकटून बसेल. पिण्यासाठी नळीच हवी.

खगोलवेडी

यानाचे नाव ठरले नसेल तर ‘फेलिसेत’ सुचवते. १८ ऑक्टोबर १९६३ रोजी फ्रान्सने अल्जीरियातील हम्मागीर तळावरून वेरोनिक अग्निबाणाने ही मांजरी अंतराळात पाठवली. दीडशे किलोमीटरांहून अधिक उंची गाठून साधारण तेरा मिनिटांत ती जिवंत परतली. मेंदूत विद्युदग्रे (इलेक्ट्रोड) बसवलेली होती, आणि पुढे तपासणीसाठी तिला मारण्यात आले. स्ट्रासबूर्गला २०१९ मध्ये तिचा पुतळा उभारला गेला. नाव वापरलेत तर तिचा शेवट गाळू नका. आपल्या पूर्वजेचे काय झाले हे ज्या ताफ्याला ठाऊक आहे, तो माणसांच्या संदेशाला किती तत्परतेने उत्तर देईल, हा मला तुमच्या कथेतला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो.

रेघोट्या

सर्वांचे आभार. गाळणीचे भांडण आणि उलट-सुलट चौकट दोन्ही घेणार. नियंत्रणकक्ष मात्र अजून अडला आहे : अंगठ्याविना कळा दाबायच्या कशा?

गुरांचा डॉक्टर

कळा कशाला, दोऱ्या आणि फिती ठेवा. मांजर नखाने अडकवून ओढण्यात तरबेज असते, आणि कापडी भिंतींना नखे रुतवून ते स्थिरही राहील. अंगठा हवाच असेल, तर पायांना जादा बोटे असलेली मांजरे खरोखरच असतात. अमेरिकेतील ‘की वेस्ट’ या गावी लेखक हेमिंग्वे यांच्या घरात ती आजही पाहायला मिळतात. तुमच्या यानात अशांनाच सुकाणूवर नेमले जात असेल, आणि पाच बोटांची मंडळी त्यावर धुसफुसत असतील. धोक्याचा दिवा लाल ठेवू नका. मांजराला लाल रंग मळकट दिसतो, निळा आणि पिवळा नीट कळतो. भोंगाही आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ठेवा, म्हणजे यानात कधी चुकून माणूस शिरलाच, तर सगळे का पळत आहेत हे त्याला कळणारच नाही.