कंगव्याला चिकटलेला कागद परत उडून का जातो?

स्मिता_आई: मुलीचं सातवीचं विज्ञान घेतेय, स्थितिक विद्युत. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात, विजातीय ओढतात, इथपर्यंत ठीक. पण कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे चिकटतात, आता कागद तर आपण कशावरच घासला नाही, मग त्याच्यावर प्रभार कुठून आला आणि तो ओढला का जातो? मुलीने विचारलं आणि मी चहा ठेवायला उठले 😄 वर काही कपटे जरा वेळ चिकटून राहतात आणि मग टुणकन उडतात. आधी ओढायचं मग ढकलायचं, हा काय प्रकार?

लॅबवाला: ताई, मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे. कागदावर प्रभार नाही म्हणजे आतलं धन आणि ऋण सारखंच आहे एवढंच. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासला की सहसा ऋण होतो, तो जवळ आला की कागदातले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात, म्हणजे कंगव्याकडची बाजू जराशी धन आणि लांबची ऋण. आता ओढणंही चालू आणि ढकलणंही चालू, पण धन बाजू जवळ असल्यामुळे ओढ भारी पडते. कंगवा धन असता तरी सगळं उलटं सरकून शेवटी ओढच! उडायचं कारण वेगळं. कागदात थोडा ओलावा असतो, त्यातून कंगव्यावरचा ऋण प्रभार हळूहळू कपट्यावर येतो, मग दोघंही सजातीय, झालं, ढकलला. चपात्या गुंडाळतो त्या फॉइलचे बारीक तुकडे घेऊन बघा, ते तर टेकतात न टेकतात तोच उडतात.

जुना_मास्तर: यात एक भर. कुलोमने १७८५ मध्ये मोजून दाखवलं की दोन प्रभारांमधलं अंतर दुप्पट केलं की बल चौथाई होतं. पण कपट्यावरचा धन-ऋण फरक कंगव्यामुळेच तयार होतो, लांब गेलात की तोही कमी होतो. त्यामुळे कपटा अगदी लहान आणि प्रभार एका बिंदूवर धरला तर अंतर दुप्पट केल्यावर ओढ तब्बल ३२ पट कमी होते. कंगवा खाली आणताना बराच वेळ काहीच होत नाही आणि मग कपटा एकदम झेप घेतो, ते यामुळेच. आणि हे ओढून मग ढकलणं जुनं कोडं आहे, द्यू फे नावाच्या फ्रेंच माणसाने १७३३ च्या सुमारास पाहिलं की घासलेल्या काचेने ढकललेला सोन्याचा वर्ख घासलेल्या राळेकडे मात्र ओढला जातो, त्यावरून वीज दोन प्रकारची असते असं तो म्हणाला. धन-ऋण ही नावं नंतर फ्रँकलिनची.

चिकटपट्टी: कंगवा सोडा, सेलोटेप घ्या. टेबलावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवा, झटकन उपटा, समोरासमोर लोंबत धरा, एकमेकींपासून लांब पळतात. आता एक पट्टी चिकटवून तिच्यावरच दुसरी चिकटवा, दोन्ही एकत्र उपटा, त्यांच्यावरून बोटं फिरवा आणि मग एकमेकींपासून सोलून काढा, या वेळी ओढतात. खरी गंमत पुढे आहे, कुठलीही पट्टी बोटाजवळ न्या, बोटाकडेच येते, आणि बोटावर तर काही प्रभार नाही! म्हणून वस्तू ओढली गेली यावरून तिच्यावर प्रभार आहे असं म्हणता येत नाही, ढकलली गेली तरच नक्की. परीक्षेत हमखास विचारतात.

स्मिता_आई: टेपचं जमलं, मुलगी सोडतच नाहीये आता, धन्यवाद सगळ्यांना 🙏 पण कंगवा आज चालेचना, सकाळपासून पाऊस आहे इकडे.

लॅबवाला: हवा दमट असली की कंगव्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यातून निसटतो. कंगवा धुवून, पुसून, गरम इस्त्रीच्या जवळ (चिकटवून नाही!) जरा वेळ धरा. आणि मुलीच्या केसांना तेल असेल तर ते डोकं बाद, दुसरं कोरडं डोकं शोधा.