लोकअभिरक्षक कार्यालय की पॅनलचे वकील : नाशिकला काय परवडेल?

सीबीएसचा कट्टा (धागाकर्ता)

गरीब आरोपीला मोफत वकील, ही काही नवी गोष्ट नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या कुणालाही तो मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. फरक पडलाय तो पद्धतीत. पूर्वी प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या वकिलाकडे एकेक प्रकरण जायचं आणि तो आपली खासगी वकिलीही करायचा. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) 2022 च्या योजनेत फौजदारी कामासाठी पूर्णवेळ कार्यालय आलं : मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक, म्हणजे आरोपीच्या मोफत बचावासाठी नेमलेले वकील. मुख्य व्हायला फौजदारीत किमान दहा वर्षं लागतात, उप व्हायला सात. सहायक तीन वर्षांच्या आतले. यातल्या कुणालाही खासगी केस घेता येत नाही.

माझं मत : नाशिकला हेच हवं होतं. पॅनलवाल्याची खासगी केस वरच्या मजल्यावर पुकारली गेली की खाली रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, आरोपी एकटा उभा. कार्यालय असलं की कुणीतरी हजर असतंच. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणं द्यावीत.

निफाडकर

“कुणीतरी असतं” हाच तर आक्षेप आहे साहेब. रिमांडला एक, जामिनाला दुसरा, उलटतपासाला तिसरा. आरोपीला विचारा वकील कोण, नाव सांगता येत नाही.

दुसरं, निवड समितीचे प्रमुख प्रधान जिल्हा न्यायाधीश. करार दोन वर्षांचा, पुढे काम बघून वर्षावर्षाने वाढ. ज्या कोर्टात हट्टाने भांडायचं त्याच इमारतीतून मुदतवाढ यायची, तर आवाज किती चढेल? पॅनलवाल्याचं पोट निदान प्राधिकरणावर अवलंबून नव्हतं.

आणि क्रॉस केस. बांधावरून हाणामारी झाली, दोन्ही बाजूंवर गुन्हे, दोन्हीकडचे आरोपी गरीब. एकच कार्यालय दोघांचं वकीलपत्र कसं घेणार? एकाच गुन्ह्यात दोन आरोपी एकमेकांवर ढकलत असतील तरी तोच पेच. म्हणजे पॅनल लागणारच आहे. मग ते खिळखिळं कशाला करायचं?

फाईल नंबर शून्य

क्रॉस केसचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एक बाजू कार्यालयाने घ्यायची, दुसरी पॅनलकडे द्यायची, आणि हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. दोन्हीकडची कैफियत ऐकून झाल्यावर हात वर केले तर उशीर झालेला असतो.

पण कार्यालयाचा खरा उपयोग रिमांडच्या हजेरीपेक्षा तारखांच्या डायरीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 187(3) घ्या. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर 90 दिवस, बाकी 60. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क. आता मोजणी. पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पक्कं केलं. साध्या चोरीत पहिला रिमांड 1 मार्चला झाला तर 29 एप्रिल हा साठावा दिवस. 30 एप्रिलला सकाळी कोर्ट बसताना अर्ज टेबलावर हवा. अर्ज दुपारपर्यंत रेंगाळला आणि मधल्या वेळात दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. गिरफ्तारीच्या तारखेपासून मोजतात, नाहीतर साठावा दिवस रविवारी आला म्हणून सोमवार संपायची वाट बघतात.

दहा-बारा फायली असलेला पॅनल वकील ही तारीख विसरू शकतो. कार्यालयात भिंतीवर एक तक्ता, त्यात पहिला रिमांड, साठावा आणि नव्वदावा दिवस एवढे तीन रकाने, आणि रोज सकाळी तो बघणारा एक माणूस. वकील बदलला तरी तारीख बदलत नाही.

मनमाड जंक्शन

सगळं आरोपीसाठीच! ज्याची मोटारसायकल गेली त्याने कर भरायचा आणि चोराला वकील द्यायचा.

गंगापूर रोड

भाऊ, बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांची मनोधैर्य योजनाही याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते, तेव्हा “सगळं आरोपीसाठी” हे खरं नाही. दुसरं म्हणजे आरोपीचा वकील कच्चा असला की भुर्दंड फिर्यादीलाही बसतो. अनोखीलाल प्रकरण बघा, मध्य प्रदेशातलं. लहान मुलीवर अत्याचार आणि खून. वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित केले, खटला जेमतेम दोन आठवड्यांत संपवून फाशी दिली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला, आणि अशा गंभीर प्रकरणांत तयारीला निदान सात दिवस द्या असं सांगितलं. त्या मुलीच्या घरच्यांना सगळी साक्ष पुन्हा. घाईत कुणाचं भलं झालं?

सातपूर एमआयडीसी

तुम्ही सगळे वकिलावर अडलात. जामीन मंजूर होतो, पुढे माणूस नाशिकरोडच्या कारागृहातच राहतो, त्यावर बोला. जामीनदार द्यायचा म्हणजे सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, कुठे ऐपतीचा दाखलाही. अंबड-सातपूरला खोली करून राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराला सातबारावाला कोण भेटणार? सुरगाणा-पेठच्या माणसाकडे सातबारा असतो, पण त्यावर चार भावांची नावं, आणि तलाठ्यापासून सीबीएसजवळच्या कोर्टापर्यंत यायचं म्हणजे जामीनदाराची दोन दिवसांची मजुरी बुडते. मग पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार गाठले जातात.

खरं तर उपाय कागदावर आहेत. 1978 च्या मोतीराम निकालात गवंडीकाम करणाऱ्या आरोपीकडून दहा हजार आणि त्याच जिल्ह्यातला जामीनदार मागितल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाला सुनावलं होतं. त्याच न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांप्रमाणे जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ई-मेलने जायला हवा. सात दिवसांत सुटका नाही झाली तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्यात बंधपत्र भरलं नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असंही त्यात सुचवलंय. 2023 च्या गरीब कैद्यांच्या केंद्रीय योजनेत कच्च्या (खटला निकाली न निघालेल्या) कैद्यासाठी 40,000 रुपयांपर्यंतची तरतूद झाली, ती रक्कम जिल्हा समितीने मंजूर केली की थेट कोर्टात भरली जाते. अमली पदार्थांसारखे काही गुन्हे त्यातून वगळलेत.

कार्यालयाला मार्क द्यायचे तर किती सुटले यावर नको. जामीन मंजूर होऊन आठव्या दिवशी आत किती होते, यावर द्या.

निफाडकर

मार्कांची पद्धत आवडली. पण जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडलेला माणूस तारखेला आलाच नाही तर? वॉरंट गावी पाठवा, तिथून “मिळून आला नाही” असा शेरा येतो आणि खटला वर्षानुवर्षं पडून. जामीनदाराला काहीतरी अर्थ आहे म्हणून तो मागतात. संहितेच्या कलम 479 चं पण तेच ऐकू येतं, पहिल्याच गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आत झाले की सोडा. मोकाट सोडायचं का?

फाईल नंबर शून्य

479 नीट वाचा. पोटकलम 2 प्रमाणे एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर त्याखाली सुटकाच नाही. दुचाकीचोरीच्या चार केसेस असलेला यात बसत नाही, आणि नेमके तेच आत अडकून राहतात. फाशी-जन्मठेपेचे गुन्हेही बाहेर. मोकाट कुठे सुटतंय कोण?

हजेरीचं म्हणाल तर जामीन अर्जातच नाशिकचा आणि गावचा असे दोन पत्ते, दोन मोबाईल नंबर (एक घरच्यांचा) आणि ठेकेदाराचं पत्र जोडायचं. आठवड्यातून एकदा पोलीस ठाण्यात सही देण्याची अट आपणच सुचवायची. असा अर्ज दिला की कोर्टाला जामीनदाराशिवाय सोडायला आधार मिळतो. तारखेच्या आदल्या दिवशी प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाने एक फोन करायचा.

सातपूर एमआयडीसी

आणि नंबर बंद लागला तर घरच्यांच्या नंबरवर. तो वकीलपत्रावर सही घेतानाच लिहून घ्या, नंतर आरोपीला पाठ नसतो आणि मोबाईल पोलिसांच्या पंचनाम्यात गेलेला असतो.