मदत हवी आहे : मोटरहोममध्ये वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, तरीही वर्ग तुटतो

रामबागच्या बाई (इंदूर), मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार. येत्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे आमच्या मोटरहोमने इंदूरहून हनुवंतियाला आठ दिवसांच्या मुक्कामासाठी निघत आहोत. मी रोज सायंकाळी ६ ते ७.३० या वेळेत दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. सहामाही परीक्षा तोंडावर आली असल्यामुळे एकही दिवस वर्ग बुडवणे मला मान्य नाही. मागच्या महिन्यात इंदूरजवळच्या चोरलला मुक्काम केला, तेव्हा तीन दिवसांत वर्ग अकरा वेळा तुटला. त्यानंतर मी वायफायची रेंज वाढवणारे एक यंत्र आणले आणि गेल्या रविवारी पुन्हा चोरलला जाऊन पाहिले. आता लॅपटॉपवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण वर्ग पूर्वीइतकाच तुटतो. यापेक्षा अधिक शक्तीचे कोणते यंत्र घ्यावे, एवढेच सांगावे. वेळ फार थोडा आहे.

भटकी गाडी (वडोदरा), मंगळवार, रात्री ९.३५

ताई, छतावर बाहेरचा अँटेना लावा, प्रश्न मिटेल. आम्ही जांबुघोड्याच्या जंगलात आणि पावागडच्या मागच्या बाजूला कित्येक रात्री काढल्या आहेत. जिथे हातातल्या मोबाइलवर संदेशही जात नव्हता, तिथे छतावरच्या अँटेनाने आमच्या मुलाची कार्यालयाची बैठक पार पडली. मात्र दोन तारांचा अँटेना घ्या, कारण फोर-जीचे राउटर एकाच वेळी दोन अँटेनांवरून संदेश घेतात आणि एकच तार जोडली तर निम्मा लाभ वाया जातो.

तारायंत्र (ग्वाल्हेर), मंगळवार, रात्री १०.०५

अँटेना घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी प्रश्न नीट कळू द्या. बाई, आपण 'वायफाय' कशाला म्हणत आहात? मुक्कामाच्या ठिकाणी रिसॉर्टवाले देतात ते, मोबाइलचा हॉटस्पॉट, की गाडीत बसवलेले सिमचे राउटर? सिम एकाच कंपनीचे आहे का? राउटर गाडीत कुठे ठेवले आहे? गाडीचे अंग पत्र्याचे आहे की फायबरचे? यांतले एकही उत्तर आपल्या प्रश्नात नाही, आणि त्यावाचून दिलेला कोणताही सल्ला अंदाजच ठरेल.

सराफा रात्र (इंदूर), मंगळवार, रात्री १०.२०

बाजारात मोबाइलचा सिग्नल बूस्टर मिळतो. माझ्या मामेभावाने दुकानाच्या तळघरात लावला आहे आणि त्याला पूर्ण रेंज येते. तोच घ्या.

तारायंत्र, मंगळवार, रात्री १०.४०

कृपया तो घेऊ नका. मोबाइलचा सिग्नल पकडून, वाढवून पुन्हा फेकणारा बूस्टर परवान्याशिवाय बाळगणे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून गुन्हाच मानले गेले आहे, आणि दूरसंचार विभागाने ठिकठिकाणी मोहिमा काढून असे बूस्टर उतरवले आहेत. माझ्या मते कायद्याइतकेच महत्त्वाचे कारण दुसरे आहे. असे यंत्र टॉवरच्या कानाशी सतत गोंगाट करते, त्यामुळे त्या टॉवरवर अवलंबून असलेल्या गावकऱ्यांचे फोन तुटू लागतात. राउटरला तारेने जोडायचा साधा अँटेना ही वेगळी वस्तू आहे. त्यात स्वतःची शक्ती नसते; तो सिग्नल फक्त चांगल्या जागेवरून राउटरपर्यंत आणून पोहोचवतो.

रामबागच्या बाई, बुधवार, सकाळी ७.१५

इतके प्रश्न येतील असे वाटले नव्हते, पण उत्तरे देते. गाडीत सिमचे राउटर आहे आणि सिम एकाच कंपनीचे आहे. गाडीचे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे. राउटर चोरीला जाऊ नये आणि मांडणी नीटनेटकी दिसावी, म्हणून बांधणाऱ्याने ते मागच्या बाकाखालच्या लोखंडी कपाटात, बॅटरीजवळ बसवून दिले आहे. नवे यंत्र मी माझ्या टेबलापाशी लावले. लॅपटॉपवर दांड्या पूर्ण असताना वर्ग तुटतोच कसा, हे मला अजूनही कळलेले नाही.

तारायंत्र, बुधवार, सकाळी ८.००

बाई, आता चित्र स्पष्ट झाले. आपल्या गाडीत दोन वेगवेगळे दुवे आहेत. पहिला लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला, जेमतेम चार-पाच मीटरचा. लॅपटॉपवरच्या दांड्या फक्त याच दुव्याबद्दल बोलतात. दुसरा राउटर आणि टॉवर यांच्यामधला, कित्येक किलोमीटरचा, आणि त्याचे मोजमाप लॅपटॉपच्या दांड्यांत दिसतच नाही. आपण आणलेल्या यंत्राने पहिला दुवा बळकट झाला, पण तो कमकुवत कधीच नव्हता. दुसऱ्या दुव्यावर आपले राउटर लोखंडी कपाटाच्या आत आणि ॲल्युमिनियमच्या डब्याच्या आत असे दुहेरी कोंडले गेले आहे. धातूचा बंद डबा रेडिओ लहरी अडवतो, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकवतो तेच.

आता एक काम करा. राउटरच्या स्वतःच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमधून उघडते त्या पानावर, 'आरएसआरपी' नावाचा आकडा असतो; टॉवरचा सिग्नल राउटरपर्यंत किती जोराने पोहोचतो ते तो सांगतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० च्या आसपास असला तर उत्तम, उणे १०० वर वर्ग कसाबसा चालतो, उणे ११५ च्या खाली गेला की काहीच भरवशाचे राहत नाही. राउटर कपाटात असताना एकदा, खिडकीत ठेवून एकदा आणि गाडीबाहेर उंच धरून एकदा, असा तीनदा हा आकडा लिहून घ्या. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, हे लक्षात असू द्या.

लोकमान्यनगरची माई, बुधवार, सकाळी ९.३०

बाई, रागावू नका, पण आठ दिवसांचे पाठ आधीच चित्रित करून मुलांना पाठवले तर? माझी सून असेच करते आणि प्रवासात तिला मुळीच काळजी नसते.

रामबागच्या बाई, बुधवार, सकाळी १०.१०

माई, आपला सल्ला मायेचा आहे, पण भूमितीत मूल कुठे अडखळले हे मला त्याच्या प्रश्नातून आणि त्याच्या गप्प बसण्यातूनही कळते, आणि चित्रित पाठात ते कळत नाही. वर्ग समोरासमोरच व्हायला हवा.

भटकी गाडी, बुधवार, सकाळी १०.४५

म्हणूनच मी पहिल्याच उत्तरात छतावरचा अँटेना सुचवला होता. धातूच्या डब्यातून बाहेर पडण्याचा सरळ मार्ग तोच आहे. राउटर कपाटातच राहू द्या, छतावर अँटेना बसवा आणि पाच-सहा मीटर तार आत घ्या.

बांबू आणि दोर (इंदूर), बुधवार, सकाळी ११.३०

मला हे पटत नाही, आणि मी स्वतः दोन्ही करून पाहिले आहे. अँटेनापासून राउटरपर्यंतच्या बारीक तारेतच सिग्नल मुरतो. नेहमीच्या बारीक को-ॲक्सियल तारेत फोर-जीच्या २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर दर मीटरला सुमारे एक डेसिबल जातो. म्हणजे पाच मीटरमध्ये पाच डेसिबल गेले, आणि तीन डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. इतके पैसे खर्चून मिळवलेले तारेतच घालवायचे का? त्याऐवजी राउटरच बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ते ठेवा, डबा शिडीला बांधलेल्या बारा फुटी बांबूच्या टोकाला लावा आणि तिथून लॅन केबल खाली आणा. लॅन केबलमधून माहिती शंभर मीटरपर्यंत काहीही न गमावता जाते. वीज गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वेगळ्या जाड तारेने वर न्या, कारण तार बारीक असेल तर वर पोहोचेपर्यंत व्होल्टेज उतरते आणि राउटर मधूनच बंद पडते.

भटकी गाडी, बुधवार, दुपारी १२.१५

जाड तार घेतली तर हे नुकसान दर मीटरला पाव-अर्ध्या डेसिबलवर येते, हे आपण सांगितले नाही. शिवाय आमच्या गुजरातेत उन्हाळ्यात भर दुपारी बंद प्लास्टिकच्या डब्यातले राउटर तापून बंद पडलेले मी पाहिले आहे.

बांबू आणि दोर, बुधवार, दुपारी १२.४०

जाड तार वाकत नाही आणि महागही असते. ताईंना उन्हाळ्यात जायचे नाही, आत्ता जायचे आहे, आणि वर्ग सायंकाळी सहाला आहे. डब्याच्या तळाला चार भोके पाडली की थोडी हवा खेळती राहते.

जुना पत्रेकाम (इंदूर), बुधवार, दुपारी १.२०

कोणताही मार्ग निवडा, पण छताला भोक पाडण्याआधी पावसाचा विचार करा. माझ्या गाडीच्या छतात तारेसाठी पाडलेल्या एका भोकातून दोन पावसाळे पाणी झिरपले आणि आतला प्लाय पूर्ण फुगला. तार खिडकीच्या रबराखालून आत घ्या, आणि आत येण्याआधी तिला बाहेर खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो.

तारायंत्र, बुधवार, दुपारी २.००

भांडण चांगले चालले आहे, पण बाईंनी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. 'वर्ग तुटतो' म्हणजे नेमके काय होते? मुलांचे चित्र थांबते, की मुलांना आपला आवाज जात नाही?

रामबागच्या बाई, बुधवार, दुपारी ३.१०

ते सांगायला हवे होते हे माझ्या लक्षातच आले नाही. मला मुलांचे सगळे ऐकू येते. मुलेच म्हणतात की बाई, तुमचा आवाज येत नाही आणि फळा गोठला आहे.

तारायंत्र, बुधवार, दुपारी ३.३०

मग प्रश्न चढत्या बाजूचा, म्हणजे आपल्याकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशाचा आहे. टॉवर कित्येक वॉटच्या शक्तीने बोलतो, म्हणून तो आपल्याला दुरूनही ऐकू येतो. आपले राउटर किंवा मोबाइल मात्र फार तर २०० मिलिवॉटने उत्तर देतो, आणि लोखंडी कपाटातून निघालेले ते क्षीण उत्तर टॉवरपर्यंत पोहोचत नाही. शिक्षिकेसाठी चढती बाजूच महत्त्वाची आहे, कारण आवाज आणि फळा तिच्यावरूनच जातो. यापुढे वेग तपासताना डाउनलोडचा आकडा सोडा आणि अपलोडचा लिहा.

आणखी एक. राउटरच्या पानावर 'बँड', म्हणजे राउटर कोणत्या लहरींवर चालले आहे ते, दिसते. आपल्याकडे फोर-जी ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते. २३०० वर शहरात वेग जास्त मिळतो, पण टेकडी आडवी आली की ती लहर टेकडीमागे वळत नाही; ८५० ची लहर काहीशी वळून दरीतही उतरते. सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरला की आपण विंध्याच्या कडेखाली जातो, तेव्हा चोरलला हा फरक जाणवणारच. आपले राउटर बँड निवडू देत असेल, तर तिथे खालचा बँड पक्का करून पाहा.

रामबागच्या बाई, गुरुवार, दुपारी ४.४५

आज सकाळी आम्ही मुद्दाम पुन्हा चोरलपर्यंत जाऊन आलो. यजमानांनी बांबू आणि दोर यांच्या पद्धतीने डबा आणि काठी तयार केली. आकडे असे आले. कपाटात उणे ११९, अपलोड मोजताच आला नाही. खिडकीत उणे १०९, अपलोड ०.३ एमबीपीएस. काठीवर उणे १०२, अपलोड ०.९. राउटर तोपर्यंत २३०० वर होते. काठीवरच ८५० पक्का केल्यावर आकडा उणे ९४ झाला आणि अपलोड २.४ वर गेला. मी तिथूनच माझ्या भाचीला फोन लावून फळ्यावर एक प्रमेय पूर्ण सिद्ध केले आणि ते तिला शेवटपर्यंत नीट दिसले. ॲल्युमिनियमच्या आत इतके दिवस मी राउटरला कोंडून ठेवले होते, याचे फार वाईट वाटले. हनुवंतियाला हेच चालेल का?

बांबू आणि दोर, गुरुवार, सायंकाळी ५.२०

तिथली जमीन वेगळी आहे. हनुवंतियाला दरी नाही, समोर इंदिरा सागर धरणाचे विस्तीर्ण पाणी आहे. पाण्यावर आडवे काही नसल्यामुळे पलीकडच्या काठावरचा दूरचा टॉवरही पकडला जातो, आणि राउटर उगाच कधी इकडचा तर कधी तिकडचा धरत बसते. काठी गाडीच्या गावाकडच्या बाजूला लावून पाहा.

भटकी गाडी, गुरुवार, सायंकाळी ६.००

इथे मी काठीवाल्यांशी सहमत आहे. फक्त दुसऱ्या कंपनीचे एक प्रीपेड सिम सोबत ठेवा. आम्ही केवडियाला सुट्टीच्या दिवशी अडकलो होतो. सिग्नल उत्तम होता, पण पर्यटक इतके होते की टॉवरच भरून गेला होता. अशा वेळी कोणताही अँटेना उपयोगी पडत नाही, टॉवरच बदलावा लागतो.

रामबागच्या बाई, शनिवार, रात्री ८.२०

हनुवंतियाहून लिहीत आहे. काल वर्ग ६ ते ७.३० अखंड झाला. आज शनिवार असल्यामुळे दुपारपासून गाड्या येत राहिल्या. सायंकाळी पाच वाजता आकडा कालच्यासारखाच उणे ८८ होता, पण अपलोड ०.४ वर उतरला होता. भटकी गाडी यांनी सांगितल्याप्रमाणे दुसरे सिम घातले. त्याचा आकडा उणे ९७, म्हणजे वाईट होता, पण अपलोड ३ च्या वर मिळाला, आणि स्पर्शिकेचे प्रमेय मुलांनी शेवटपर्यंत पाहिले. फक्त वारा सुटला की काठी हलते आणि आकडा चार-पाचने खाली-वर होतो.

बांबू आणि दोर, शनिवार, रात्री ८.४५

शिडीला एकाच जागी बांधली असेल. खाली आणि छताच्या कडेशी, अशा दोन जागी बांधा आणि टोकापासून एक दोर पुढच्या चाकापर्यंत ताणून घ्या.

जुना पत्रेकाम, शनिवार, रात्री ९.१०

आणि निघताना आधी काठी उतरवा, मगच गाडी सुरू करा. मूंदीच्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या फार खाली आल्या आहेत.