स्वतःचाच शेअर स्वतःवर एनएफएसने माउंट करू नका

उद्यमबागकर
बेळगावच्या उद्यमबागमधल्या छोट्या कारखान्यांत बऱ्याचदा एकच लिनक्स मशीन फाइल सर्व्हर असतं, आणि बिलिंग, ड्रॉइंगही त्याच्यावरच. सगळीकडं पाथ (फाइलचा पत्ता) सारखा राहावा म्हणून ते स्वतःचाच शेअर (वाटून दिलेला फोल्डर) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीने, स्वतःवर माउंट करतं, म्हणजे जोडून घेतं. हे बंद करा. मोठी कॉपी चालू असताना मेमरी भरते. ती मोकळी करायची तर डर्टी पेजेस (मेमरीत बदललेली, पण डिस्कवर अजून न गेलेली पानं) आधी लिहून टाकावी लागतात. ती लिहिणार त्याच मशीनवरचा एनएफएसडी, म्हणजे एनएफएसचं सर्व्हरचं काम करणारा भाग. त्याला मेमरी हवी, म्हणून तो मागायला जातो, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यालाच रिक्लेमच्या, म्हणजे मेमरी मोकळी करायच्या, कामाला लावतं. तिथं तो ज्या पेजेसची वाट बघतो, ती लिहायची त्यानेच. मग लॉगमध्ये '१२० सेकंदांहून जास्त वेळ अडकला'च्या ओळी. रॅम वाढवून हे फक्त उशिरा घडतं. बाइंड माउंट (त्याच मशीनवरचा फोल्डर दुसऱ्या जागी दाखवणं) वापरा, पाथ तोच मिळतो आणि मध्ये नेटवर्क येत नाही.

निपाणी_नेटवर्क
दादा, ही जुन्या कर्नलची भीती आहे. एनएफएसडीने इतरांच्या डर्टी पेजेसपायी अडून बसू नये म्हणून त्याला वेगळी सवलत कधीच दिलीय; कर्नल ५.८ मध्ये (२०२०) ती 'लोकल थ्रॉटल' नावाने आणखी नीट केली. आपल्याकडं खरा त्रास लाइटचा. सर्व्हर बंद पडतो, यूपीएसवरचे क्लायंट लटकतात, गिऱ्हाईक समोर उभं. सॉफ्ट माउंट करा आणि मोकळे व्हा की हो.

उद्यमबागकर
लाइट आल्यावर जे आपोआप सुटतं ते नुसतं थांबणं. डेडलॉक, म्हणजे एकमेकांची वाट बघत कायम अडकणं, सर्व्हर चालू असतानाही सुटत नाही. या दोन्हींना एकच औषध देऊ नका. सॉफ्ट माउंटमध्ये ठरलेले प्रयत्न संपले की इनपुट-आउटपुट एरर येते, पण तोवर प्रोग्रामला 'लिहिलं' असं उत्तर मिळून गेलेलं असतं, कारण डेटा कॅशमध्ये होता. एरर कळणार एफसिंक (डेटा खरंच पोचवायला सांगणं) किंवा क्लोजला (फाइल बंद करताना), आणि तिथं ती तपासणारे प्रोग्राम थोडे. सीएनसी मशीनची जी-कोड (मशीनला सूचना देणारी) फाइल अर्धी लिहिली गेली आणि ऑपरेटरने तीच लोड केली तर? त्यापेक्षा लटकलेली स्क्रीन परवडली.

खानापूरची_मास्तरीण
उद्यमबागकर, बाइंड माउंट बरोबरच. पण सर्व्हर वेगळा केला की धोका संपला असं कुणी समजू नये. क्लायंटने पान पाठवलं तरी सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ते सोडता येत नाही. ते उत्तराचं पॅकेट घ्यायलाही मेमरी लागते, आणि घेतल्याशिवाय ते कोणाचं हे कळत नाही! एनएफएसवर स्वॅप (मेमरी भरली की पानं हलवायची जागा) ठेवता यावा म्हणून कर्नल ३.६ मध्ये (२०१२) यावर तोड काढली: पॅकेट राखीव मेमरीत घ्यायचं, आणि ते स्वॅपच्या सॉकेटचं (नेटवर्क जोडणीचं) नसेल तर तिथंच टाकून द्यायचं. टीसीपी (पोचपावती घेणारी नेटवर्क पद्धत) असेल तर समोरचा पुन्हा पाठवतोच. मला ही फार सुंदर युक्ती वाटते. मात्र ती स्वॅपच्या सॉकेटपुरती. साध्या फाइलींना आधार डर्टी मर्यादेचा, म्हणजे सगळी मेमरी डर्टी होऊच द्यायची नाही. डीफॉल्ट 'डर्टी रेशो' २० टक्के. ३२ जीबीच्या मशीनवर बरीच मेमरी मोकळी असेल तर सहा जीबीच्या आसपास, आणि गिगाबिट लाइनवर सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात. रिकामं व्हायला मिनिटभर. 'डर्टी बाइट्स' (टक्क्यांऐवजी थेट आकड्यात मर्यादा) लावून ही मर्यादा काहीशे एमबीवर आणा.

निपाणी_नेटवर्क
मॅडम, डर्टी बाइट्सचं पटलं, लावतो. माउंटचं नाही पटलं. जिथं फक्त ड्रॉइंग उघडून बघायची असतात तिथं हार्ड माउंट (सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत वाट बघत राहणारा) कशाला?

उद्यमबागकर
फक्त वाचायचा शेअर रीड-ओन्ली आणि सॉफ्ट ठेवा, माझी हरकत नाही. पण जी-कोड ज्यात सेव्ह होतो तो हार्डच.

निपाणी_नेटवर्क
तो हार्ड ठेवायचा तर मालकाला आधी सर्व्हरला यूपीएस घ्यायला सांगा. ते होईपर्यंत मी सॉफ्टच लावणार.