प्रति: सीपॅप लावूनही दिवसा झोप येते
ताई, झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन महिनाभर लावूनही दुपारी डोळे मिटतात असं तुम्ही लिहिलंय, पण म्हणून मशीन बंद नका करू हो. काहींना आठवड्यात फ्रेश वाटतं, काहींना दोन-तीन महिने लागतात, माझ्या बाबांनाही वेळच लागला. आधी मशीनचा डेटा बघा, एएचआय (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) ५ च्या खाली आहे का, मास्क लीक होतोय का, आणि मुख्य म्हणजे पहाटे मास्क काढून झोपता का, कारण स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते आणि बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच जास्त अडकतो. ते सगळं ठीक असेल तर थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या, चालू गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. दुपारी पडायचंच तर २० मिनिटं, तेही मास्क लावून. आणि प्लीज, पेंग येतेय तोवर गाडी चालवू नका.