80 ने गेलं तर नेमका किती वेळ जातो?
कुणीतरी म्हटलंय की गाडी ताशी 100 किमीच्या जागी 80 ने चालवली तर पेट्रोलचे चार पैसे वाचतील पण अर्धं आयुष्य रस्त्यात जाईल. अहो गणित तर करून बघा, 30 किमीला 100 ने 18 मिनिटं आणि 80 ने साडेबावीस. म्हणजे साडेचार मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर, नाहीतर पुढच्या सिग्नलला तो घाईवाला आपल्या शेजारीच उभा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला गेलं की तो दीडपटीच्या वर जातो, पेट्रोल जातं ते तिथे.

पण सरसकट 'हळू चालवा' हेही पटत नाही. ट्रॅफिकमध्ये 30-40 च्या स्पीडला हवेचं एवढं काही नसतं, तिथे दर ब्रेकला आधी पेट्रोल जाळून घेतलेला वेग वाया जातो. माझ्या गाडीत चालू अ‍ॅव्हरेज (त्या क्षणी लिटरला किती किमी) दाखवणारा डिस्प्ले आहे, लांबून लाल सिग्नल दिसला की अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, गिअर तसाच ठेवतो, आकडा झपकन वर जाऊन 99.9 ला चिकटतो. कारण फ्युएल इंजेक्शनच्या (इंधन कॉम्प्युटर मोजून सोडतो अशा) गाडीत तेव्हा इंधन बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन नुसतं चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल परत सुरू (उतारावर न्यूट्रल करणारे वाचतायत ना? तसंही ते धोक्याचंच). आणि हो, 80 ने जायचं तर ओव्हरटेकची लेन सोडून जा, मागचे उगाच शिव्या घालतात.