केकच्या खोक्यावरचा नंबर

नाना, "केक विकून कुठे माणसांची तस्करी थांबते का?" असं विचारलंत. नाही थांबत, मान्य. पण भुसावळची ती केक विकणारी पोरगी केळीच्या केकच्या व्हिडिओमुळे गाजली आणि आता केकच्या प्रत्येक खोक्यावर १०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर छापते. भुसावळ म्हणजे जंक्शन. मुंबई, सुरत, नागपूर, इटारसी, सगळीकडच्या गाड्या. कामाच्या आमिषाने नेलेलं पोर इथूनही जाऊ शकतं, तेव्हा फलाटावरच्या चहावाल्यालाही हा नंबर पाठ हवा. पण तिने नुसती देणगी देणं मला पुरेसं वाटत नाही. सुटका झालेल्या मुलीला महिन्याचा पगार लागतो. या केकवालीने अशा दोघींना खारी-नानखटाई शिकवून भट्टीवर कामाला घ्यावं. फक्त त्यांचे चेहरे व्हिडिओत नकोत.